अनुभव धागा : भीती लिहायला तुम्हाला कुणी शिकवलं?

मंडळी, चार वर्षांपासून मी भयकथा लिहितेय. अकरा पूर्ण झाल्या, दोन दिवाळी अंकांत छापून आल्या. ज्यांच्यामुळे लिहायला लागले त्यांचं ऋण कुठेतरी मांडावं, असं बरेच दिवस मनात होतं. एकटीनं मांडण्यापेक्षा तुम्हालाही बोलवावंसं वाटलं. कुठलं पुस्तक, कुठला सिनेमा, कुठलं माणूस? नुसती नावं नकोत. त्यातून नेमकं काय उचललंत ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते.

आम्ही इंदूरच्या रामबागेतले. आठवीत असताना वाचनालयातून नारायण धारपांचं एक पुस्तक आणलं. बांधणी उसवलेली, पाठीला खाकी कागद चिकटवलेला. कुठलं ते सांगत नाही, का ते शेवटी कळेल. पांघरुणात बॅटरी घेऊन वाचत गेले, आणि ऐन शेवटाला पानंच नाहीत! वाचनालयात दुसरी प्रत नव्हती. मग शेवट मीच वहीत लिहिला, सात पानं, आणि दुपारी आजीला वाचून दाखवला.

आजी ताटात तांदूळ निवडत होती. मी भूत दारात आणून उभं केलं, लाल डोळे, लांब नखं, सगळं. तिनं मान वर न करता विचारलं, "ते ठीक आहे गं. पण तेव्हा गॅसवर काय होतं?"

मला काही कळेना. ती म्हणाली, "संध्याकाळचे सात वाजलेत म्हणतेस. घरात बाई आहे, म्हणजे काहीतरी शिजत असणार. ती दाराकडे बघत राहिली तर ते करपणार. तो करपल्याचा वास आला ना, की मला भीती वाटेल. तुझ्या डोळ्यानखांनी नाही वाटत."

त्यानंतर धारप पुन्हा वाचले तेव्हा ते कसं करतात हे दिसायला लागलं. त्यांची माणसं तुमच्याआमच्यासारखी. घर बघायला जातात, भाड्याचं बोलतात, सामान लावतात. आपण त्यांच्याबरोबर त्या घरात राहायला लागतो आणि मग परतीची वाट राहत नाही. भुताखेतांशी लढणारे त्यांचे समर्थ आले की हायसं वाटतं, ते खरंच. पण ज्या कथांत समर्थ नाहीत त्यांनी मला जास्त शिकवलं.

आजी स्वतः गोष्ट सांगायची तेव्हा मधेच थांबायची. खडा सापडला की तो उचलून बाजूला ठेवायची, मग पुढचं वाक्य. ते थांबणं मला अजून कागदावर नीट जमलेलं नाही. आता तुम्ही सांगा.

सुदामानगरातून, निवृत्त बँक कर्मचारी

माझे गुरू रत्नाकर मतकरी. १९७० साली त्यांचा 'खेकडा' हा कथासंग्रह आला. मी वाचला पुढे दहा वर्षांनी, महूहून येता-जाता बसमध्ये. तोवर मला भुताच्या गोष्टी म्हणजे स्मशान आणि पिंपळ एवढंच माहीत. मतकरींनी भीती माणसाच्या मनात नेऊन ठेवली. गूढकथा हा शब्द आपण आज सहज वापरतो, त्याला वजन आलं ते त्यांच्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक सांगतो. याच माणसानं मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहिलं. दिलीप प्रभावळकरांची चेटकीण बघून पोरं किंचाळायची आणि लगेच खिदळायची. घाबरवण्याचं आणि हसवण्याचं टायमिंग एकच असतं, हे मला तिथे कळलं. मे २०२० मध्ये मतकरी कोरोनानं गेले. त्या रात्री आम्ही दोघांनी 'गहिरे पाणी'मधली एक कथा मोठ्यानं वाचली. घरात दुसरा आवाज नव्हता.

होळकर कॉलेजजवळून, हिंदीची प्राध्यापिका

माझं उत्तर मराठी पुस्तक नाही, पण माणूस आपलाच आहे. गजानन माधव मुक्तिबोध. जन्म १९१७, श्योपुरचा, म्हणजे तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातला. घरी मराठी, लिहिलं हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. भयकथेच्या यादीत मुक्तिबोधांना कुणी धरत नाही, मला ते फार खटकतं.

'ब्रह्मराक्षस' ही कविता आठवा. गावाबाहेरची ओसाड बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, भोवती औदुंबर, फांद्यांना लटकलेली घुबडांची रिकामी घरटी. आणि आत तो अंग घासतोय, घासतोय, मळ काही निघत नाही. माळव्यात ज्यानं जुनी बावडी वाकून पाहिली आहे, त्याला हे वर्णन वाटतच नाही, आठवण वाटते.

पण ज्या प्रसंगानं मला लिहितं केलं तो 'ब्रह्मराक्षस का शिष्य' या कथेतला. बारा वर्षं विद्या शिकून झाली, शेवटच्या दिवशी गुरू-शिष्य जेवायला बसलेत. पानात खिचडी. तूप राहिलंय. शिष्य उठायला लागतो, गुरू म्हणतात बस, आणि बसल्या जागेवरून त्यांचा हात लांब होत जातो, खोली ओलांडून पलीकडच्या खोलीत जातो आणि तुपाचं भांडं घेऊन येतो. मग खिचडीवर तूप वाढतो.

तो हात वाढतोय वात्सल्यानं! शिष्याला मारायला नाही. म्हणूनच अंगावर काटा येतो. आपली विद्या योग्य माणसाच्या हाती देता आली नाही, म्हणून ब्रह्मराक्षस झालेला तो गुरू आहे, आणि आज तो सुटणार आहे. भुताला काहीतरी हवं असतं, ते काय हे लिहिणाऱ्याला आधी माहीत पाहिजे, एवढं मी यातून घेतलं. तुमच्या आजींचा गॅसचा प्रश्न वाचला आणि मला ही खिचडीच आठवली.

विजयनगरहून, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो

'तुंबाड'. २०१८ मध्ये लॅपटॉपवर बघितला होता, २०२४ ला पुन्हा लागला तेव्हा थिएटरात तीनदा. राही अनिल बर्वेंच्या त्या सिनेमात ऊन जवळजवळ नाहीच, पाऊस सतत. मी रंग आणि उजेड यांच्याशी दिवसभर झटतो, त्यामुळे ते करणं किती अवघड आहे हे कळतं.

पण मला चिकटलं ते पीठ. सोन्याचा देव हस्तर, त्याला धान्य कायमचं नाकारलेलं, म्हणून त्याला फसवायला कणकेची बाहुली न्यायची. किती साधी वस्तू! घरी आलो तर आई कणीक तिंबत होती. परातीत बोटं रुततायत, कणकेवर चार खळ्या पडतायत, हळूहळू भरून येतायत. मी तिथेच उभा राहिलो. आईनं विचारलं, काय रे? सांगता येईना. त्याच रात्री पहिली कथा लिहिली.

सिनेमातल्या आजीचं मूळ धारपांच्या 'आजी' कथेत आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्या कथेचं मूळ पुन्हा अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'मध्ये.

स्नेहलतागंजातून

वरच्या दादांनी किंगचा विषय काढलाच आहे, म्हणून लिहिते. धारपांचं 'लुचाई' माझं सगळ्यात लाडकं पुस्तक. हॉस्टेलला असताना कुणीतरी किंगचं 'सालेम्स लॉट' हातात दिलं, १९७५ सालचं. वाचत गेले आणि पोटात खड्डा पडला. हे तर मी वाचलंय! फसवल्यासारखं वाटलं, दोन महिने धारपांना हात लावला नाही.

मग एका सुट्टीत दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली आणि ताडून पाहिलं. अमेरिकेतल्या गावातली भीती मराठी माणसाच्या तोंडी घालताना काय ठेवायचं, काय टाकायचं, माणसं एकमेकांशी कशी बोलतील. तो माझा लेखनाचा वर्गच झाला. मूळ कथेचं श्रेय ठळक दिलं जायला हवं, हे माझं मत आजही कायम आहे. राग मात्र गेला.

ग्वाल्हेर, लष्कर. माहेर इंदूरचं

मला पुस्तकानं नाही, किल्ल्यानं शिकवलं. ग्वाल्हेरच्या किल्ल्यातल्या मानमंदिर महालाच्या तळघरात उतरलात का कधी? वर निळ्या फरशा, बदकं, हत्ती, मोर. खाली गोल दालनं, जिथे मोगलांच्या काळात कैदी ठेवायचे. औरंगजेबानं सख्ख्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यावर कैदेत ठेवलं आणि १६६१ मध्ये मारवलं. मी उतरले तेव्हा वटवाघळांचा वास नाकात शिरला आणि मामेसासरे वरून हाक मारत होते ती ऐकू येत होती, पण कुठून येतेय ते कळत नव्हतं. त्या हाकेवर मी तीन कथा लिहिल्या आहेत. चौथी सुरू आहे.

नाव नको

सिनेमा : 'हा खेळ सावल्यांचा', १९७६. 'काजळ रातीनं ओढून नेला' लागलं की आमच्याकडे अजून कुणीतरी उठून मागचं दार लावतं.

गुरू नाही सांगता येत, कारण मला मिळाला नाही. एका अंकाच्या संपादकांनी माझ्या कथेचा शेवट न विचारता बदलला. ती बाई मेलेली होती, असं सरळ लिहून टाकलं. मी ते वाचकावर सोडलं होतं. छापलेला अंक घरात आहे, उघडवत नाही.

धागाकर्ती

@नाव नको, ती कथा तुमच्या शेवटासह इथे टाका. मनापासून सांगतेय. आपण सगळे वाचू.

प्राध्यापिका ताई, तो तुपाचा हात मी काल रात्रीच वाचला. नंतर स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले ते दिवा लावूनच.

सुदामानगरच्या काकांनी खासगीत विचारलं आहे, की धारपांच्या त्या पुस्तकाचा खरा शेवट पुढे वाचलास का. नवी प्रत घेतली, तीन वर्षं झाली. आजीच्या तांदळाच्या डब्याशेजारी ठेवली आहे. शेवटची पंधरा पानं अजून वाचली नाहीत. म्हणून वर नाव लिहिलं नाही, नाहीतर तुमच्यापैकी कुणीतरी शेवट सांगून टाकाल. माझ्या सात पानांतला शेवट आजीनं ऐकलेला आहे, आणि त्यात मी तिच्या सांगण्यावरून गॅसवर वरण ठेवलं होतं.