देवगिरीचा मॉड आणि गिट: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-१०३ काकू: आमचं लेकरू सकाळपासून रडायलंय. देवगिरीच्या खंदकाचे दगड त्यानं आठवडाभर कॉम्प्युटरवर रंगवले आणि कुणीतरी जुनी झिप (सगळ्या फाइलींचा एकत्र गठ्ठा) वरून कॉपी केली. सगळं गेलं म्हणे. ही पोरं नेमकं काय करायलेत?

सी-२०१ दादा: काकू, लुआंटी नावाचा ठोकळ्यांचा फुकट गेम आहे, पूर्वीचा माइनटेस्ट. जुन्या लॅपटॉपवरही चालतो. यंदा दिवाळीचा किल्ला त्यात करायलेत. गेममध्ये आपल्याकडचे दगड, तोफा, दरवाजे नाहीत, म्हणून ते स्वतः बनवून मॉड, म्हणजे गेमला जोडायचा भाग, लिहायलेत.

बी-३०२ ताई: काकू, त्याला सांगा, परवाची झिप माझ्याकडं आहे. त्यात बहुतेक दगड आहेत. पण हे पुन्हा होणार. पाच लेकरं एकाच फोल्डरवर काम करतात आणि फाइली ग्रुपवरून फिरतात. "किल्ला फायनल", "किल्ला फायनल २", "किल्ला खरा फायनल". यातली खरी कोणती, कोण सांगणार? शिवाय चित्रं फोटो म्हणून टाकली की ती दाबून जेपेग होतात. दगडाचं टेक्श्चर, म्हणजे ठोकळ्यावरचं चित्र, जेमतेम १६ बाय १६ पिक्सेलचं असतं, त्याचे रंग फिसकटतात. जाळीची पारदर्शक भोकं तर बुजूनच जातात.

यांना गिट शिकवू या, म्हणजे फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. आज हजारो लोक त्यावर एकाच कोडवर काम करतात. प्रत्येकाच्या मशीनवर सगळ्या इतिहासासकट प्रत असते. थोडं काम झालं की कमिट करायचं, म्हणजे तिथवरचं काम गिटमध्ये नोंदवायचं, आणि एका ओळीत लिहायचं, "खंदकाच्या दगडावर शेवाळ टाकलं". मग वरून कुणी काहीही ठेवो, कालचा दगड परत काढता येतो. आणि कोणतं काम कुणी केलं तेही नावानिशी राहतं. लेकरांना याचं फार असतं, असायलाच पाहिजे.

सी-२०१ दादा: ताई, 'इनिट डॉट लुआ' ही मॉडच्या कोडची मुख्य फाइल तर सगळेच उघडतात. दोघांनी एकदमच बदलली तर?

बी-३०२ ताई: बदल वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर गिट स्वतःच जुळवतं. एकाच ओळीत असतील तर थांबतं. समज, भिंतीच्या दगडाला एकानं 'क्रॅकी = ३' लिहिलं, दुसऱ्यानं 'क्रॅकी = १'. आकडा जितका मोठा तितका दगड लवकर फुटतो. गिट दोन्ही ओळी खुणा करून एकाखाली एक दाखवतं, पुढचं दोघांनी बोलून ठरवायचं. देवगिरीची भिंत आहे, मी तर १ च ठेवीन.

चित्रांचं मात्र तसं नाही. दोन पीएनजी, म्हणजे चित्रांच्या फाइली, गिटला जुळवता येत नाहीत, एकच निवडावं लागतं. म्हणून एक चित्र एकाच्याच हातात द्या. तोफेचं मॉडेलही तसंच.

बी-१०४ आजोबा: किल्ल्यातला चांद मिनार किती उंच करायलेत? खरा साधारण ६३ मीटर आहे.

सी-२०१ दादा: एक ठोकळा एक मीटर धरलाय आजोबा, म्हणजे ६३ ठोकळे. अंधारी, म्हणजे किल्ल्यातली काळोखी वाट, अजून बाकी आहे.

बी-१०४ आजोबा: अंधारीत मशाली लावू देऊ नका. ती वाट शत्रूला चकवायलाच केलेली. मी येतो सांगायला.

सी-२०१ दादा: या या! ताई, बांधलेलं जगही गिटमध्येच टाकायचं का?

बी-३०२ ताई: नको. सगळा नकाशा एका एसक्यूलाइट (डेटाबेस) फाइलमध्ये असतो, दोघांचे नकाशे गिटला जुळवता येत नाहीत. बांधकाम एकाच जगात करा. एका लॅपटॉपवर सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं सामायिक जग, चालू ठेवायचा, बाकीच्यांनी त्याच वायफायवरून आत यायचं. मग मिनार, खंदक, अंधारी यांचे वेगवेगळे स्कीमॅटिक (बांधकामाच्या तेवढ्या भागाची प्रत) काढून तेवढ्या फाइली मॉडमध्ये ठेवायच्या. आणि नेटवरून उचललेली टेक्श्चर असतील तर लायसन्स, म्हणजे ती वापरायची परवानगी, बघा. मॉड पुढं कंटेंटडीबीवर, म्हणजे लुआंटीच्या मॉडच्या साइटवर, टाकायचा झाला तर तिथं विचारतात.

ए-१०३ काकू: गिटहबवर, गिटचं काम ऑनलाइन ठेवायच्या साइटवर, खातं काढून द्या म्हणतोय. ११ वर्षांचा आहे, चालेल का?

बी-३०२ ताई: नाही काकू, तिथं किमान १३ वर्षं लागतात. आणि प्रत्येक कमिटवर नाव आणि ईमेल जातो, रिपॉझिटरी (फाइली आणि त्यांच्या इतिहासाचा साठा) सार्वजनिक असली तर ते कुणालाही दिसतं. पण गिटला गिटहब लागतच नाही. मी पेनड्राइव्हवर बेअर रिपॉझिटरी, म्हणजे नुसत्या इतिहासाचा सामायिक साठा, करून देते, पुश (आपलं काम तिथं पाठवणं) आणि पुल (इतरांचं तिथून घेणं) तिथूनच. नेट गेलं, लाईट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर कमिट चालू. नावाच्या जागी टोपणनावं टाकू.

ए-१०३ काकू: आणि पेनड्राइव्हच हरवला तर?

बी-३०२ ताई: ज्यानं शेवटचं पुल किंवा पुश केलंय त्याच्या लॅपटॉपवर सगळा इतिहास असतो. नवीन पेनड्राइव्हवर तोच उतरवायचा. पोरांना एकच सवय लावा, बसताना आधी पुल, उठताना पुश.

सेक्रेटरी: गिट शिकवायला रविवारी १० ला हॉल उघडतो. पॉइंट दोनच आहेत, एक्स्टेंशन बोर्ड घरून आणा.