वाट पाहणं म्हणजे विश्वास डळमळणं नव्हे

ताई, आईच्या आजारपणात इतकी प्रार्थना करूनही उतार नाही, मग विश्वास टिकवायचा कसा, असं विचारलंत. देवाला ‘कुठवर?’ म्हणायला बिचकू नका. बायबलमधल्या तेराव्या स्तोत्राची सुरुवातच तशी आहे. आमचे बाबा मालवणच्या घरी अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांची कूस बदलताना आई तेच पुटपुटायची. मनगटावरची जपमाळ मात्र सुटली नाही. बाबा बरे झाले नाहीत, तरी आई एकटी पडली नाही, हे मी पाहिलंय.

रत्नागिरीकडचे कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९०० साली. मधली ताटातूट बाईंनी सोसली. त्यांचा विश्वास त्या ओढाताणीतच रुजला.

आईंचं नाव व्यक्तिगत निरोपातून कळवा, रविवारी मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) प्रार्थना करू.