उम्माचे रथ इतक्या झटकन वळू नयेत

तुम्ही छोट्या सैनिकांच्या पटावरच्या खेळात मांडलेल्या लगाश विरुद्ध उम्मा (प्राचीन सुमेरमधली, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधली, दोन नगरराज्यं) लढाईचे फोटो पाहून जीव खूश झाला. लगाशच्या ढालींचं रंगकाम तर अप्रतिमच! फक्त उम्माचे रथ डावी बगल फोडून त्याच चालीत उलटे फिरले आणि पिछाडीवर तुटून पडले, ते मला पटलं नाही.

काळ इ.स.पू. २४५० च्या आसपासचा. तेव्हाचे रथ कसे होते ते ब्रिटिश म्युझियममधल्या 'उरच्या फलका'वर, म्हणजे उर या सुमेरी शहरात सापडलेल्या चित्रजडित पेटीवर, स्वच्छ दिसतं. चार भरीव लाकडी चाकं, आरे नाहीत, ओढायला चार जनावरं, वर सारथी आणि एक लढवय्या, पुढे भालाफेकीचे भाले ठेवायचा भाता. जनावरंही घोडे नव्हेत. ते कुंगा, म्हणजे पाळीव गाढवीण आणि सीरियातला रानगाढव यांचा संकर. २०२२ मध्ये सीरियातल्या हाडांच्या डीएनएवरून हे स्पष्ट झालं. असलं जड धूड जागच्या जागी वळणं कठीणच. म्हणून वळायला पूर्ण चाल खर्ची घालावी आणि ४५ अंशांपेक्षा जास्त वळू देऊ नये, असं मी सुचवेन.

भालेकऱ्यांची दाट रांग मात्र तुम्ही अगदी योग्य मांडलीत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या 'गिधाडांच्या शिळे'वर, म्हणजे लगाशच्या विजयाच्या कोरीव स्मारकावर, लगाशचा राजा एआनातुम याच्या मागे ढालीला ढाल भिडवून, शत्रूची प्रेतं तुडवत निघालेले सैनिक आहेत, हुबेहूब तसेच.

पुढच्या डावात पटावर एखादा कालवा नक्की टाका. भांडण दोन्ही राज्यांच्या सीमेवरच्या गु-एदिन या भागातल्या सुपीक जमिनीचं आणि पाण्याचंच होतं, आणि कालव्याशी रथांची खरी कसोटी लागेल.