मदत हवी आहे : परजीवीच्या प्रथिनाने नळ्या थांबतात, पण कंट्रोल प्रथिनानेही थांबतात

शागास आजाराच्या परजीवीचं, म्हणजे ट्रिपॅनोसोमा क्रुझीचं, कॅलरेटिक्युलिन हे प्रथिन नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही आणि उंदरांमध्ये स्तनाच्या गाठीची वाढही मंदावतं, हे चिलीतल्या संशोधकांनी दाखवलंय. ते प्रथिन मी ई. कोलाय या जीवाणूत हिस्टिडीन टॅगसह (निकेलला चिकटणारी शेपटी) बनवून निकेल कॉलमवर शुद्ध केलंय. मॅट्रिजेल (पेशींना आधार देणारं जेल) घातलेल्या ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये दर खान्यात १५,००० ह्यूवेक पेशी (माणसाच्या नाळेतल्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या, या जेलवर जुळून नळ्या बनवतात), एकूण १०० मायक्रोलिटर. त्यातलं १० मायक्रोलिटर प्रथिनाचं. ६ तासांनी नळ्या नाहीत. पण तसंच बनवलेलं दुसरं, काही संबंध नसलेलं प्रथिन घातलं तरी तेच. चूक कुठे आहे?

प्रतिसाद १
आधी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नीट बघा. गोल होऊन सुट्या तरंगत असतील, तर हा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम नाही, पेशी मरताहेत. कॉलमवरून उतरवताना २५० मिलिमोलर इमिडाझोल (प्रथिन निकेलपासून सोडवणारं रसायन) वापरलं आणि डायलिसिस (पिशवीतून लहान रेणू बाहेर काढणं) केलं नाही, तर खान्यात २५ मिलिमोलर पोचतं. प्रथिन साधारण ४५ किलोडाल्टनचं, म्हणून १० किलोडाल्टनची पिशवी चालेल. ४ अंशांवर पीबीएस (फॉस्फेटयुक्त मिठाचं बफर) दोनदा बदला, तिसरं रात्रभर ठेवा. बफरमध्ये ईडीटीए नको. ते कॅल्शियम ओढून घेतं आणि पेशींची पकड सुटते. डायलिसिसचं शेवटचं पीबीएस हाच तुमचा बफर कंट्रोल.

धागाकर्ता
डायलिसिस केलं. बफर कंट्रोलमध्ये नळ्या छान जुळल्या. दोन्ही प्रथिनांनी मात्र अजून अडतात, १०० अंशांवर १० मिनिटं उकळलेल्या प्रथिनानेसुद्धा.

प्रतिसाद २
उकळण्याची चाचणी केलीत ते फार बरं झालं. उकळूनही परिणाम टिकतो आणि कंट्रोल प्रथिनही तेच करतं, तेव्हा संशय ई. कोलायच्या एंडोटॉक्सिनवर (जीवाणूच्या बाह्य आवरणातलं विषारी द्रव्य). ते उकळून जात नाही आणि एंडोथेलियल (रक्तवाहिनीच्या अस्तराच्या) पेशी त्याला फार हळव्या असतात. १ टक्का ट्रायटन एक्स-११४ (एंडोटॉक्सिन ओढून घेणारं डिटर्जंट) घालून ४ अंशांवर अर्धा तास हलवत ठेवा, मग ३७ अंशांवर १० मिनिटं, द्रावण गढुळतं. त्याच तापमानाला सेंट्रिफ्यूज करून वरचा थर घ्या, खालचा तेलकट थेंब सोडा. असं तीनदा. उरलेलं ट्रायटन शोषक मण्यांनी काढाच, नाहीतर तेच पेशींची पटलं फोडेल. शेवटी एलएएल (एंडोटॉक्सिन मोजण्याची) चाचणी, दोन्ही प्रथिनांची.

प्रतिसाद १
मानवी कॅलरेटिक्युलिनही शेजारी लावा, त्याचा एन-टोकाकडचा तुकडा व्हॅसोस्टॅटिन हाही रक्तवाहिन्या रोखतो. तुलना मायक्रोग्रॅमने नको, मोलने करा : ४५ किलोडाल्टनला १ मायक्रोमोलर म्हणजे ४५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. समान मोलला परजीवीचं प्रथिन जास्त जोरकस ठरलंय, तुमच्याकडेही तसंच दिसायला हवं. प्रथिनविरोधी प्रतिपिंडाच्या एफएबी-२ तुकड्यांसोबत (प्रथिनाला पकडणारे भाग) आधी ठेवून घातल्यावर नळ्या परत आल्या, तर परिणाम खरा. त्यानंतरच कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाभोवतीच्या पटलावर, म्हणजे पुढच्या रक्तवाहिन्यांच्या चाचणीवर, जा.