मदत हवी आहे: शेजारच्या पॉइंटवरील मझल ब्रेकचा आवाज आणि रेंजवरील शिष्टाचार

सर्व जाणकार नेमबाजांस नमस्कार.

आमची रायफल रेंज बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या उतारावर आहे. वर पत्र्याचे छत, एका कडेला दगडी भिंत आणि दोन फायरिंग पॉइंटमध्ये (गोळी झाडायच्या जागांमध्ये) जेमतेम एक सतरंजी मावेल एवढी जागा, अशी तिची रचना आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून .२२ रायफल शिकायला येणारी मुले वाढली आहेत आणि अडचण नेमकी त्यांचीच आहे.

लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी आपल्या .३०-०६ या मोठ्या रायफलला मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसणारा, धक्का कमी करणारा भोकांचा जोड) बसवून घेतला आहे. त्यांच्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे ही त्यांची हौस नसून गरज आहे, हे आम्ही सारे जाणतो. परंतु गोळीमागून येणारा वायू ब्रेकच्या भोकांतून आडवा आणि किंचित मागे वळत असल्यामुळे सुभेदारसाहेबांचा खांदा वाचतो आणि सारा झोत शेजाऱ्याच्या वाट्याला येतो. पत्रा थरथरतो, शेजारच्या सतरंजीपुढची काळ्या मातीची धूळ उडून डोळ्यांत जाते आणि पुढच्या वेळी सुभेदारसाहेब बोल्ट लावताना दिसले, की शेजारी शिकणारी मुलगी ट्रिगरवर बोट असतानाच डोळे मिटून घेते. ही सवय एकदा लागली की सहजासहजी जात नाही.

अचानक होणाऱ्या आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची पातळी मानली जाते. मोठ्या रायफलीचा आवाज ब्रेकशिवायच १६० च्या आसपास जातो आणि ब्रेकमुळे शेजाऱ्याला तो आणखी काही डेसिबल जास्त लागतो. अशा ठिकाणी काही मुले कानात कापसाचे बोळे घालून बसतात, ही तर वेगळीच काळजी आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रायफल स्पर्धांत मझल ब्रेकला मुळातच मनाई असल्याने या मुलांना सामन्यात असा शेजारी कधी भेटणारही नाही.

रेंज ऑफिसर म्हणतात, "तसा नियम नाही, तुम्हीच आपसांत बघा." ज्यांनी आम्हांला श्वास कसा धरायचा हे शिकवले, त्यांना ही गोष्ट सांगायची कशी आणि त्यांना दुखावणार नाही अशी कोणती व्यवस्था करता येईल, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ब्रेक काढायला मात्र सांगू नका. तो आट्यांवर बसत असला तरी काढल्यावर गोळी लागण्याची जागा बदलते, म्हणजे दर वेळी रायफल नव्याने झीरो करणे (नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवणे) आले, आणि खांद्याला धक्का बसेल तो वेगळाच.

आमच्याकडे लातूरच्या बाजूला ब्रेकवाल्यांसाठी कडेचा पॉइंट ठेवलेला आहे. तुम्ही भिंतीची कड घेऊ नका, आवाज तिच्यावर आपटून परत येईल. मोकळी कड घ्या आणि मध्ये किमान एक पॉइंट रिकामा सोडा. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पत्र्याखाली तेवढा उतरणार नाही, पण धुळीचा त्रास नक्कीच कमी होईल. मुलांना कानात फोमचे प्लग आणि त्यांवर कान झाकणारे मफ, दोन्ही सक्तीचे करा. एकावर एक घातल्याने संरक्षणाची बेरीज होत नाही, साधारण ५ डेसिबलच अधिक मिळतात, तरी या आवाजापुढे तेही सोडण्यासारखे नाहीत.

राहिला सांगण्याचा प्रश्न. तक्रार घेऊन जाऊ नका. "साहेब, पोरं तुमच्या आवाजाला दचकतात, त्यांची ही सवय मोडायची कशी?" असे त्यांनाच विचारा. फौजेत उस्ताद राहिलेला माणूस स्वतः सतरंजी उचलून कडेला जाईल, आणि गोळी झाडण्याआधी हाकही देईल.