संधिवात, आमवात की ‘सांधे धरलेत’?

प्रश्न : आत्याच्या कागदावर डॉक्टरांनी ‘आर. ए.’ लिहिलंय. मेडिकलवाले संधिवात म्हणतात, वैद्य आमवात. दुखणं एकच ना? पहाटे म्हशीची धार काढायला बसली की म्हणते, ‘मूठच वळंना बघ.’

उत्तर : आर. ए. म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांधे सुजवणारा आजार. घोळ ‘संधिवात’ या शब्दानं घातलाय. आजोबांचे गुडघे झिजले तरी संधिवात, आत्याची बोटं सुजली तरी संधिवात. झिजेत सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो, आर. ए.त तासाच्या वर टिकतो. तिथं ‘आमवात’ जास्त जवळचा. माधवनिदान या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथात त्याचं वेगळं प्रकरणच आहे. आम म्हणजे न पचलेलं, कच्चं. आपली ‘आंव’ त्यातूनच आली.

प्रश्न : मग मूळ पोटातच की! तिनं दही, चिंच सगळं सोडलंय. गोळीसुद्धा. कुणीतरी ‘ती कॅन्सरची गोळी’ म्हणालं.

उत्तर : गोळी सोडली हे वाचून काळजी वाटली. ती गोळी बहुधा मेथोट्रेक्सेट असावी. ती कॅन्सरला मोठ्या मात्रेत देतात. सांध्यांसाठी मात्रा थोडी आणि आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. अधूनमधून रक्त तपासायचं. तिला लगेच डॉक्टरांकडे न्या. आजच्या समजुतीप्रमाणे शरीराची संरक्षक यंत्रणा सांध्याच्या अस्तरावरच उलटते, आणि सूज राहिली तर हाड खात जाते. दही सोडून ते थांबत नाही.

तरी उपपत्तीवर शंका घ्यायचा हक्क आहेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुखण्याचं मूळ दातांत आणि टॉन्सिलमध्ये आहे असं मानून ते काढून टाकत. सांधे तसेच राहत. १९२९ च्या सुमारास फ्रेंच डॉक्टर फॉरेस्टियर यांनी हा आजार क्षयासारखा समजून सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं दिली. समजूत चुकली, पण औषध बऱ्याच जणांना लागू पडलं. म्हणून ‘आम’ खरा की खोटा यावर भांडण्यापेक्षा मूठ वळते का ते बघा.

आणखी एक. पुस्तकी मराठीतला ‘दाह’ डॉक्टरांच्या तोंडी सूज असतो, आपल्या कानाला उष्णता वाटतो. मग माणसं सब्जा पीत बसतात. आपल्या कोल्हापुरातलं ‘सांधे धरलेत’ मला सगळ्यांत नेमकं वाटतं. फक्त किती वेळ धरलेत तेही सांगायचं.

प्रश्नकर्ता : आत्याला विचारलं. पाचला उठते, साडेसातपर्यंत चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. उद्या डॉक्टरांना हेच सांगतो.