आखाजीचा सत्कार आणि 'सालदार'

सचिव (बी-३०१): नमस्कार. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संध्याकाळी ६ वाजता गेटजवळ आपल्या सोसायटीचे भरवशाचे सालदार, म्हणजे आपले वॉचमनदादा, यांचा सत्कार ठेवला आहे. सर्वांनी यावे.

माई (ए-१०२): सचिवसाहेब, त्यातून "सालदार" काढा. गणपतीतही हेच सांगितलं होतं.

आप्पा (सी-१०४): वाईट काय त्यात माई? आमच्या यावलकडे सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, पण घरातला माणूस. केळीला पाणी, बैलांची वैरण, खळ्याची राखण सगळं त्याच्या हवाली. मालक आठ दिवस गावाला गेला तरी काम अडत नव्हतं.

बी-२०२: टाकीचा वॉल्व गळतोय. कोणी बघणार का?

माई: आप्पा, तुम्ही मालकाच्या ओट्यावरून बोलता. मन्हा बाप सालदार व्हता. आखाजीला साल ठरायचं, उचल म्हणजे आगाऊ पैसे मिळायचे, मग वर्षभर दिवसही मालकाचा, रात्रही मालकाची. आजारी पडला तर खाडे. उचल फिटली नाही की पुढचं सालही त्याच दारात. कर्जापायी माणूस राबवून घ्यायला १९७६ च्या कायद्याने बंदी आणली ती उगाच नाही.

आप्पा: सगळे मालक सारखे नसतात. आमच्या वडिलांनी सालदाराच्या मुलीचं लग्न लावून दिलं.

माई: आणि खर्च उचलीत मांडला असेल.

सर (बी-१०३): साल आणि दार दोन्ही फारसीतून आले. जमादार, हवालदार, तसाच सालदार. शब्दात अपमान नाही.

माई: सर, हवालदाराला रजा असते.

डी-४०१: मग "गडी" लिहा. गडी एकदम भारी!

आप्पा: ते कबड्डीत.

बी-२०२: वॉल्व!!

ए-२०३: वॉल्वचं राहू द्या, डी-४०१ ची बुलेट पुन्हा माझ्या जागेत.

डी-४०१: काकू, पाच मिनिटं लावली होती.

ए-२०३: काल रात्रीपासून.

सचिव: कृपया विषयाला धरून बोलावे.

आक्का (ए-००१): कसाले भांडतस रे भो? त्यालेच इचारा ना.

माई: आक्का, विचारलं मी. शब्दाचं ते काही बोलले नाहीत. म्हणाले, आठवड्यातून एक दिवस घरी जायला मिळालं तर बरं. बारा तास उभे असतात, रविवार नाही, सण नाही. माझे वडील भरवशाचे होते, आप्पांचे सालदारही असतील. त्या भरवशावर सगळ्यांनी पिकं काढली, सुट्टी मात्र कोणी दिली नाही. शाल-नारळ नको, सुट्टी द्या.

आप्पा: आणि त्या दिवशी गेटवर कोण?

माई: बदली माणूस. पगार देऊन.

बी-२०२: वॉल्वलाही माणूस लागेल.

सचिव: रविवारी सकाळी १० वाजता मीटिंग. पत्रिकेत फक्त त्यांचं नाव ठेवतो.

आप्पा: येतो. पण मेंटेनन्स वाढवायचा नाही, आत्ताच सांगतो.

माई: माझा वाढवा, आप्पा. लिहून देते.

ए-२०३: आणि बुलेट?